परसांतली पालेभाजी : पिकविणारे हात आणि रांधणारे हात

ज्या घरीं परसांत अथवा गच्चीवर चार वाफे हिरवे असतात, त्या घरीं मार्गशीर्ष-पौषांत एक चमत्कारिक संकट उभें राहतें. तें टंचाईचें नसून सुबत्तेचें असतें. मेथी, पालक, चाकवत, माठ, शेपू ह्या साऱ्या भाज्या एकाच आठवड्यांत खुडण्याजोग्या होतात. बागेचा नाद असलेले गृहस्थ मोठ्या अभिमानानें टोपली भरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं आणून ठेवितात. आणि आंतून मात्र एक सुस्कारा ऐकूं येतो. ‘आज पुन्हां पालाच का?’ हा मुलांचा प्रश्न तर ठरलेला. अशा घरांसाठीं आम्ही हे चार शब्द लिहीत आहों. पिकलेला पाला वायां जाऊं नये, खाणारांस त्याचा कंटाळा येऊं नये, आणि त्याचा भार एकाच माणसाच्या माथीं पडूं नये, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र साधल्या तरच परसबागेचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.

शाकाला आपल्या परंपरेंत कमी लेखिलेलें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानविधीचा जो अध्याय आहे, त्यांत शाकवर्ग स्वतंत्रपणें सांगितला आहे. देवीमाहात्म्यांतील शाकंभरी ही तर अवर्षणांत आपल्या देहापासून उत्पन्न झालेल्या शाकांनीं जगाचें पोषण करणारी देवता. बदामीजवळची बनशंकरी हें तिचेंच रूप मानितात. अनेक देशस्थ घराण्यांची ती कुलस्वामिनी, आणि पौषी पौर्णिमेस शाकंभरी पौर्णिमा म्हणतात तें तिच्यावरूनच. भाद्रपदांतील ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य. म्हणून त्या दिवशीं परसांत हातानें लाविलेलें आळू, माठ, अंबाडी ह्यांची एकत्र भाजी करितात. दुसऱ्याच्या श्रमाचें न खातां स्वतःच्या श्रमाचें खावें, हा त्या व्रताचा आशय आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्या आशयाचा आजच्या घरांतील अर्थ कोणता, तें पुढें ओघानें येईलच.

आधीं पेरणीचें पाहूं, कारण स्वयंपाकघरांतील निम्मी अडचण वाफ्यांतच जन्म पावते. एकदम पेरलें कीं एकदम येतें, हा साधा न्याय आहे. सगळा वाफा एका दिवशीं मेथीनें भरून टाकण्यापेक्षां त्याचे चार भाग करावे आणि आठ-आठ दिवसांच्या अंतरानें पेरावे. मेथी सुमारें महिन्याभरांत काढण्याजोगी होते, म्हणून पहिला भाग संपतो तों दुसरा तयार होतो. पालक, चुका, माठ ह्यांस उपटूं नये. दोन-तीन बोटें बुंधा राखून कापावें, म्हणजे त्यांस पुन्हां फुटवे येतात. मेथी मात्र बहुधा मुळासकट काढितात. आळूचीं पानें बाहेरून घ्यावीं, मधला कोंब राखावा. एवढें पथ्य पाळिलें तर रोज एका घरास पुरेल इतकाच पाला हातीं येतो.

आतां निवडण्याचें. पालेभाजी रांधण्यास दहा-पंधरा मिनिटें पुरतात. निवडण्यास मात्र तास लागतो, आणि हा तास कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. एकत्र कुटुंबांत तो बहुतेक सुनेचा असतो. ती नोकरीवर जाणारी असली तरी असतो. सकाळीं सात वाजतां डबे भरण्याच्या गडबडींत मातीनें भरलेल्या मेथीचा ढीग पुढ्यांत येऊन पडावा, ह्यास प्रेमाची भेट म्हणावें कीं दंड? आमच्या घरीं ह्याविषयीं एक नियम आहे : जो खुडील तो निवडील. बागेंतला पाला निवडलेला आणि धुतलेलाच स्वयंपाकघरांत जातो. सेवानिवृत्त माणसांस वेळेचा तोटा नसतो. पडवींत वर्तमानपत्र पसरून दोघेतिघे वडीलधारे बसले, जोडीला शाळकरी नातवंडें घेतलीं, तर गप्पांच्या ओघांत दोन टोपल्या सहज निवडून होतात. पुरुषांनीं हें काम केल्यानें कोणाची प्रतिष्ठा उणी होत नाहीं. उलट कोणता पाला कोवळा आणि कोणता जून, हें पिकविणाराला तेव्हांच कळतें.

धुण्यांतही थोडी युक्ति आहे. मोठ्या पातेल्यांत भरपूर पाणी घेऊन पाला त्यांत बुडवावा, हालवावा, आणि हातानें वर उचलून दुसऱ्या भांड्यांत घ्यावा. पाणी ओतून टाकूं नये; ओतलें कीं तळाशीं बसलेली रेती पुन्हां पानांवर येते. असें तीन वेळां करावें. चिरावयाचें तें धुतल्यानंतर. चिरून धुतल्यास पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें पाण्याबरोबर निघून जातात. खाण्याचा सोडा घालून भाजी हिरवीगार ठेवण्याची खोड कांहीं घरीं असते, तीही सोडावी. रंग राहतो, पण क जीवनसत्त्व आणि ब गटांतील कांहीं जीवनसत्त्वें नष्ट होतात. पाला शिजला कीं फार आळतो, म्हणून मीठ तो आळल्यावर घालावें. आधीं अंदाजानें घातलेलें मीठ हटकून जास्त होतें.

कंटाळा येतो तो भाजीचा नव्हे, एकाच प्रकाराचा. आपल्या पाकशास्त्रांत पाल्याला निदान पांच वाटा मोकळ्या आहेत. पहिली परतून केलेली कोरडी भाजी. मेथी किंवा शेपू भिजविलेल्या मूगडाळीबरोबर परतावा. दुसरी पीठ पेरून. मुळ्याचा पाला आणि करडई ह्यांस ती विशेष मानवते. तिसरी पळीवाढी पातळ भाजी. चाकवत, चुका, पालक आणि आळू ह्यांची. अंबाडीची तांदुळाच्या कण्या व तुरीची डाळ घालून केलेली, वरून लसणीच्या फोडणीचें तेल घेतलेली भाजीही ह्याच पंगतींत बसते. चौथी उकडून केलेले मुटके आणि वड्या. पांचवी पिठांत मळून. थालीपीठ, धपाटे, पराठे. आठवड्यांत हा क्रम फिरता ठेविला, तर पाला रोजचा असूनही पान रोजचें वाटत नाहीं.

ताकांतल्या चाकवताचें प्रमाण देतों. दहा माणसांस निवडलेला चाकवत अर्धा किलो घ्यावा. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ आणि अर्धी वाटी शेंगदाणे तीन-चार तास भिजवून मऊ शिजवावे. चाकवत थोड्या पाण्यांत शिजवून पळीनें घोटावा. चार वाट्या आंबट ताकांत चार चमचे बेसन गुठळी न होऊं देतां कालवावें. घोटलेला पाला, डाळ व दाणे एकत्र करून त्यांत हें ताक ओतावें आणि मंद आंचेवर सतत ढवळीत उकळी आणावी. ढवळणें थांबलें कीं ताक फुटतें. मीठ, लिंबाएवढा गूळ, आणि वरून हिंग, मोहरी, मेथीदाणे, लसूण व सुक्या मिरच्या ह्यांची खमंग फोडणी. आंबट भाजी कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत कधींही करूं नये. ती कळकते आणि पोटास बाधते.

मुलांसाठीं मुटके उत्तम. बारीक चिरलेला पालक अथवा मेथी दोन वाट्या, त्यांत ज्वारीचें पीठ, कणीक आणि बेसन मिळून सुमारें तेवढेंच, तीळ, ओवा, आलें-मिरची, हळद, मीठ व थोडें दहीं घालून घट्ट मळावें. मुठीचे वळे करून तेल लाविलेल्या चाळणीवर वीस मिनिटें वाफवावे. निवाल्यावर कापून तिळाच्या फोडणींत परतावे. ‘पाला नको’ म्हणणारीं मुलें हेच मुटके डब्यांत मागून नेतात.

जुन्या रीतींत जें शहाणपण होतें, त्याला आजचें शास्त्र पुष्कळ ठिकाणीं दुजोरा देतें. आळू खाजतें तें त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळें. म्हणून तें पुरतें शिजवितात आणि त्यांत चिंच घालितात. पालकांतही ऑक्झलेट पुष्कळ असतें. भाजीबरोबर ताक-दहीं घेतल्यास त्यांतील कॅल्शियम पोटांतच ऑक्झलेटला बांधून ठेवितें. हिरव्या पानांतील ज्या द्रव्यापासून शरीरांत अ जीवनसत्त्व बनतें, तें अंगीं लागण्यास थोडें तेल-तूप लागतेंच; तेव्हां फोडणी ही केवळ जिभेची चैन नव्हे. पाल्यांतील लोह शरीर फार थोडें शोषितें, परंतु त्यासोबत क जीवनसत्त्व असल्यास अधिक शोषितें; म्हणून कोरड्या भाजीवर लिंबू पिळावें, आणि तें भाजी चुलीवरून उतरल्यावर. जेवणाबरोबर अथवा लगेच नंतर चहा घेतल्यानें उलट परिणाम होतो, हें चहाबाजांनीं ध्यानीं ठेवावें. ज्यांस मूतखड्याचा विकार आहे त्यांनीं पालकाविषयीं, आणि जे रक्त पातळ ठेवणारें वॉरफरिनसारखें औषध घेतात त्यांनीं एकंदर पालेभाजीच्या प्रमाणाविषयीं, आपल्या डॉक्टरांस विचारावें. त्या औषधावर असतां एक दिवस ढीगभर आणि चार दिवस मुळींच नाहीं, असें करणें इष्ट नव्हे.

लोहाची गोष्ट निघाली तेव्हां एक कटु सत्य सांगणें प्राप्त आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हा आंकडा केवळ दरिद्री घरांचा आहे असें समजून सुशिक्षितांनीं स्वस्थ बसूं नये. आपल्या घरांतील पंगतीची रीत आठवावी. आधीं मुलें, मग पुरुष, मग वडीलधारी मंडळी. आणि जी रांधते ती सर्वांमागून. पालेभाजी आळून एवढीशी होते. टोपलीभर पाल्याची कढई निम्मीही भरत नाहीं. शेवटच्या पानापर्यंत पोंचतां पोंचतां तिचा तळ दिसूं लागतो, आणि जिला तिची गरज सर्वांत अधिक, तिच्या वाट्याला भाताबरोबर चमचाभर रस येतो. कोणी तिला उपाशी ठेवीत नाहीं. कोणी पाहतच नाहीं, एवढेंच. ह्यावर उपाय फुकटचा आहे. भाजी उतरली कीं पहिल्या पंगतीपूर्वींच मागें राहणारांच्या वाट्या भरून झांकून ठेवाव्या. त्याहून उत्तम म्हणजे सर्वांनीं एकत्र बसावें आणि पातेलीं मध्यें ठेवून ज्यानें त्यानें वाढून घ्यावें. नुसत्या पाल्यानें रक्तक्षय बरा होतो असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास रक्ततपासणी आणि डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्याच लागतात. परंतु घरांत पिकलेलें अन्न घरांतल्या प्रत्येकाच्या पानांत पोंचावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

इतकें करूनही पाला उरतोच. तो टिकविण्याचे दोन मार्ग आहेत. मेथी आणि हरभऱ्याचा पाला सावलींत खडखडीत वाळवून कोरड्या बरणींत भरावा. उन्हाळ्यांत ताज्या भाजीचा दुष्काळ पडतो तेव्हां तो आमटींत आणि पिठल्यांत कामास येतो. पालक उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें बुडवून लगेच गार पाण्यांत काढावा, पिळून त्याचे एका वेळेपुरते गोळे करावे आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावे. त्याहूनही उरल्यास शेजारीं द्यावा; पण तोही निवडून, आणि पुढील घरास आज हवा आहे का हें विचारून. न विचारतां दारांत ठेवलेली मातीची जुडी म्हणजे आपल्या घरचा त्रास शेजाऱ्याच्या घरीं लोटणें होय.

बियांची पुडी दहा-वीस रुपयांस मिळते, माती आणि पाणी देव देतो; महाग असतात ते घरच्या माणसांचे श्रम. ते वांटून घेतले तर चार वाफ्यांवर सबंध कुटुंब हिवाळाभर आनंदानें जेवतें. येत्या रविवारीं पाला खुडावयास जाणारांनीं टोपलीबरोबर विळी आणि परातही पडवींत मांडून ठेवावी, एवढीच आमची सूचना.