उजेड कुठून येतो?

एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करताना आम्ही तांब्या-पेल्याचं वस्तुचित्र काढायचो. ड्रॉइंगचे सर पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "उजेड कुठून येतोय?" उत्तर देता आलं नाही, की छाया रंगवायला परवानगी नसे.

तो प्रश्न पुन्हा आठवला १९९६ साली, विंडोज ९५ मधल्या 'पेंट'समोर बसलो तेव्हा. पंचवीस वर्षं पोस्टर कलर आणि ब्रशवर पोट भरलेला माणूस मी. जिथे काम करत होतो तिथे सांगण्यात आलं, "महिनाभरात माउस शिका, नाहीतर..." पुढचं वाक्य पूर्ण करण्याची गरज नव्हती.

वर्तुळ काढलं, फिका करडा रंग ओतला. झाली टिकली! आमच्या त्या पडद्यावर अवघे १६ रंग. त्यांत पांढरा, फिका करडा, गडद करडा आणि काळा अशा उजेडाच्या चारच पायऱ्या. एवढ्यात चेंडूची गोलाई आणायची कशी? मग स्प्रेचा डबा घेतला. वर डावीकडे पांढरे ठिपके उडवले, खाली उजवीकडे गडद. ठिपके विरळ होत गेले तिथे मधली छटा आपोआप दिसू लागली. वर्तमानपत्रातले फोटो तरी दुसरं काय असतात? कडेबाहेर उडालेले ठिपके भिंग लावून एकेक पुसले. खाली लंबगोल पडछाया टाकली, आणि टिकलीचा चेंडू झाला.

तेव्हा लक्षात आलं, विंडोजचं प्रत्येक बटणही असंच होतं. वर आणि डावीकडे पांढरी रेघ, खाली आणि उजवीकडे गडद. दाबलं की रेघा उलटायच्या आणि बटण आत गेल्यासारखं वाटायचं. सूर्य डोक्यावर असतो, म्हणून उजेड वरूनच येतो असं आपले डोळे धरून चालतात. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांवरून हेच दाखवलं होतं. वरून उजळ वर्तुळ फुगीर दिसतं. तेच उलटं केलं की खळगा.

माझी नोकरी टिकली. माउस शिकलो खरा, पण कामाला आली ती सरांची शिकवण.

परवा नातीने टॅबलेटवर चेंडू काढला. छटा इतक्या मऊ, की माझ्या ठिपक्यांना लाज वाटावी. पण पडछाया उजेडाच्याच बाजूला पडली होती.

मी हळूच तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.