आवाज नेमका कुठे फाटतो? (लेखांक 9)

वाऱ्याच्या बंदोबस्ताचा विषय या आठवड्यासाठी योजलेला होता. परंतु विसर्जन मिरवणुकीच्या ध्वनिमुद्रणाविषयी एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मूलगामी आहे, की तो विषय एक आठवडा लांबणीवर टाकणेच इष्ट ठरते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ छोटा रेकॉर्डर धरला असता मीटर उणे 12 डेसिबलच्या वर एकदाही गेला नाही, तरीही मुद्रित आवाज फाटला, याचे कारण त्यांना हवे आहे.

हे कारण ध्वनीच्या प्रवासक्रमात आहे. हवेच्या दाबाने मायक्रोफोनचा पडदा हलतो, त्यातून उमटणारा क्षीण विद्युत-संकेत प्रीअँप, म्हणजे प्राथमिक वर्धक, वाढवतो आणि शेवटी रूपांतरक त्याचे अंक बनवतो. मीटर केवळ या अखेरच्या टप्प्याची पातळी दाखवतो. ताशावरील काडीचा आघात क्षणभराचा असला, तरी त्याचे शिखर सरासरी पातळीच्या कितीतरी वर जाते, आणि अनेक छोट्या रेकॉर्डरांच्या अंगच्या मायक्रोफोनांची सहनमर्यादा साधारण 120 ते 130 डेसिबल असते. आवाज पहिल्याच टप्प्यावर फाटला असेल, तर नंतर गेन उतरवल्याने फाटलेला आवाज केवळ लहान होतो, निकोप होत नाही.

दोषाचे ठिकाण ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत फाइल उघडून ताशाचा एकच आघात मोठा करून पाहावा. तरंगाची शिखरे शून्य डेसिबलच्या रेषेला टेकून सपाट कापली गेली असतील, तर रूपांतरकाची मर्यादा ओलांडली आहे असे समजावे. तीच शिखरे उणे 12 च्या आसपास सपाट झालेली दिसली, तर दोष प्रीअँपचा किंवा मायक्रोफोनचा असतो. वाचकांच्या प्रश्नातील दोष या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

येथेच 32-बिट फ्लोट पद्धतीविषयीचा प्रचलित गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. झूम कंपनीच्या एफ 6 (2019) आणि एफ 3 (2022) या रेकॉर्डरांत एका वाहिनीसाठी दोन रूपांतरक असतात, एक मंद आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी, त्यामुळे पातळी आधी जुळवली नाही तरी ती नंतर सावरता येते; मात्र हे संरक्षण अंकांत रूपांतर होण्याच्या टप्प्यापुरते असते, मायक्रोफोनमध्ये फाटलेला आवाज ही पद्धतही जोडू शकत नाही.

म्हणून खरा उपाय अंतराचा आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केले की ध्वनिदाब 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे एका मीटरवरून चार मीटरवर गेल्यास 12 डेसिबलची सवलत मिळते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर परावर्तनामुळे ही सवलत कमी भरते, हे गृहीत धरून आणखी मागे सरकावे. बाहेरचा मायक्रोफोन जोडला असल्यास 20 डेसिबलचा पॅड, म्हणजे संकेत क्षीण करणारा जोड, मध्ये घालता येतो, पण तो प्रीअँपला वाचवतो, मायक्रोफोनला नाही.

वाऱ्याचा झोतही याच पहिल्या टप्प्यावर घाला घालतो आणि खालचे स्वर गाळणाऱ्या लो-कटला तेथे फारसे काही करता येत नाही. त्यामुळे पुढील लेखांकात फोमची टोपी आणि केसाळ कवच यांचा विचार याच सूत्रावरून करता येईल.