लाल गाठीचे अंतरंग

त्वचेवर उठलेल्या दोन लाल गाठी डोळ्यांना सारख्या दिसल्या, तरी त्यांचे अंतरंग सारखेच असेल असे नाही. ते जाणण्यासाठी गाठीच्या तुकड्याचे अतिशय पातळ काप घेऊन, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचे साधे अर्बुद असेल, तर बारीक वाहिन्यांचे झुबके दिसतात. प्रत्येक वाहिनीला चपट्या पेशींचे एकेरी अस्तर असते, आणि पोकळीत तांबड्या रक्तपेशी असतात. अर्बुद घातक असले की ही शिस्त मोडते. वाहिन्या वेड्यावाकड्या होऊन एकमेकींना मिळतात, अस्तराच्या पेशींचे थरांवर थर चढतात, आणि त्यांची केंद्रे मोठी व गडद होतात.

परंतु लाल गाठ हे अर्बुदच असते असेही नाही. फोर्ट विल्यमभोवती वाढलेल्या कलकत्ता शहरात, हिंदी वैद्यकीय सेवेतील डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी १८८५ साली ‘दिल्ली फोडा’चे काप तपासले. तेथे मोठ्या पेशींच्या पोटात परक्या जीवांचे सूक्ष्म गोलक त्यांना आढळले. ते परजीवी होत, हे त्यांनी ओळखले. त्यांचे खरे स्वरूप मात्र १९०३ च्या सुमारास उलगडले. त्यांनाच आज लेशमानिया म्हणतात. वाळूमाशीच्या दंशाने ते शरीरात शिरतात.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. परजीवींवर औषध चालते. साध्या अर्बुदात पुष्कळदा वाट पाहता येते. घातक अर्बुदात विलंब जिवावर बेततो. म्हणून काढलेली गाठ टाकून न देता तपासणीस पाठवणे, हेच शहाणपणाचे होय.