कांहीं वायफाय लागतें, कांहीं कां लागत नाहीं?

एका विद्यार्थिनीचा जुना लॅपटॉप महाविद्यालयांत बिनतक्रार चाले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरहि चाले. घरीं मात्र नवा राउटर बसल्यापासून घरच्या वायफायचें नांवच त्याच्या पडद्यावर उमटेना. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली. अशा वेळीं 'यंत्र जुनें झालें, नवें घ्या' असा सल्ला मिळाला. हा सल्ला घाईचा होता. जें यंत्र एका ठिकाणीं जोडलें जातें, त्याचा बिनतारी भाग जिवंत आहे, हें उघडच आहे. दोष बहुधा यंत्र आणि राउटर यांच्या न जमलेल्या मेळांत असतो. तो शोधावयाचा, तर तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: नांव दिसतें काय? वायफायच्या लहरी मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. ज्या रेडिओवर केवळ मध्यम लहरी लागतात, त्यावर लघुलहरींचें केंद्र कितीहि जोरदार असलें तरी ऐकूं येत नाहीं. तोच न्याय येथें. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांस पहिलाच पट्टा उमगतो. शिवाय २.४ च्या पट्ट्यांत भारतांत १३ चॅनल वापरतां येतात, अमेरिकेंत सामान्यतः ११. म्हणून तिकडून आणलेले कांहीं लॅपटॉप १२ व १३ या चॅनलांकडे पाहतच नाहींत. राउटरच्या सेटिंगमध्यें २.४ चा पट्टा सुरू करून १, ६ किंवा ११ हें चॅनल निवडावें, म्हणजे दोन्ही अडचणी दूर होतात.

दुसरा प्रश्न: नांव दिसून प्रवेश नाकारला जातो काय? तसें असल्यास लॅपटॉपनें जपून ठेवलेला जुना पासवर्ड पुसून नवा घालावा. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर कुलुपाचा प्रकार पाहावा. डब्ल्यूपीए-२ ही पद्धत २००४ सालची, डब्ल्यूपीए-३ ही २०१८ सालची. राउटर केवळ नवी पद्धत मानीत असेल, तर जुन्या यंत्राची किल्ली त्यास लागत नाहीं. तेथें दोन्ही पद्धतींचा मिश्र पर्याय निवडावा. पासवर्ड अजीबात काढून टाकण्याचा सोपा मार्ग मात्र कोणीं पत्करूं नये; तें घराचें दार सताड उघडें ठेवण्यासारखें आहे.

तिसरा प्रश्न: जोडणी होऊनहि पान उघडत नाहीं काय? हॉटेलांत वा रेल्वे स्थानकावर आधीं मोबाइल क्रमांकाची नोंद करावी लागते. ती राहिली असेल. घरीं असें घडल्यास लॅपटॉपवरील तारीख व वेळ पाहावी. आंतील लहान बॅटरी संपली कीं तारीख मागें जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळांचीं प्रमाणपत्रें यंत्रास खोटीं वाटूं लागतात.

त्या विद्यार्थिनीच्या घरीं पहिल्याच प्रश्नाशीं उत्तर सांपडलें. राउटरवर केवळ ५ चा पट्टा सुरू होता. दुसरा सुरू करतांच नांव उमटलें आणि अर्ज मुदतींत गेला. हे सर्व उपाय थकले, तरी यूएसबीच्या खांचेंत बसणारें वायफायचें लहानसें उपकरण नव्या लॅपटॉपच्या किंमतीच्या अल्पांशांत मिळतें. यंत्र टाकण्यापूर्वीं तें नेमकें कोठें अडतें, एवढें पाहिलें तरी पुष्कळ खर्च वांचतो.