खाटा थोड्या, रुग्ण अनेक

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने रणांगणावरील जखमींची प्रतवारी करताना हुद्दा पाहावयाचा नाही, जखम पाहावयाची, असा दंडक घातला होता. दोन शतकांनंतर कोविडच्या साथीत या दंडकाची कसोटी लागली. ६ मार्च २०२० रोजी इटलीतील भूलतज्ज्ञ व अतिदक्षता-चिकित्सकांच्या संघटनेने काही सूचना प्रसिद्ध केल्या. आधी येईल त्यास आधी खाट, हा नेहमीचा नियम टिकणार नाही आणि अखेरीस वयाची मर्यादा घालणेही भाग पडेल, असे त्यांत सुचविले होते. त्यावर टीका झाली. परंतु एरवी जो निर्णय मध्यरात्री एकटा डॉक्टर घेतो आणि जन्मभर मनात वागवितो, तो कागदावर आणण्याचे धैर्य त्या संघटनेने दाखविले, हे मान्य केले पाहिजे.

मात्र कागदावर आले म्हणजे न्याय्य झाले, असे नव्हे. ब्रिटनमध्ये २० मार्चला निघालेल्या मार्गदर्शिकेने रुग्णाची दुर्बलता नऊ पायऱ्यांच्या एका मोजपट्टीने ठरवावयास सांगितले. ही पट्टी मुळात वृद्धांसाठी. दैनंदिन व्यवहारांत जो दुसऱ्यावर जितका अवलंबून, तो तितका दुर्बल, हा तिचा हिशेब. त्या हिशेबाने पंचविशीतला, प्रकृतीने धडधाकट पण बौद्धिक अपंगत्व असलेला तरुण ऐंशी वर्षांच्या जर्जर वृद्धाच्या पंक्तीस जाऊन बसला! अपंगांच्या संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा पाच दिवसांत दुरुस्ती झाली. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या २०१० च्या आराखड्यात तर तीव्र मतिमंदत्व असलेल्यांना कृत्रिम श्वसनयंत्र देऊ नये, असे सरळच सुचविले होते. एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाने लक्ष घातल्यावर राज्याने ते मागे घेतले. हा रुग्ण वाचेल काय, हा वैद्यकाचा प्रश्न आहे. तो जगण्याच्या लायकीचा आहे काय, हा नव्हे.

हा दुसरा प्रश्न सिअ‍ॅटलमध्ये १९६२ सालीच विचारला गेला होता. मूत्रपिंडाचे काम करणारी यंत्रे मोजकी होती, म्हणून कोणाला ती द्यावयाची हे ठरविण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमण्यात आली. मिळकत, शिक्षण, मुलेबाळे, इतकेच काय, चर्चमधील हजेरीही विचारात घेतली जाई. (सज्जनपणाची अशी प्रमाणपत्रे बहुधा सुस्थितांजवळच असतात.) १९७२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने या उपचाराचा खर्च सरकारी विम्यात घेतला आणि अशा निवडीची निकड ओसरली. टंचाई ही नेहमीच दैवाने आलेली नसते, ती अंदाजपत्रकातूनही येते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात हेच सांगितले: तातडीचा उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग होय, आणि पैशाची चणचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही. पुढे २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दिल्लीत रुग्णांचे नातेवाईक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रस्तोरस्ती वणवण करीत होते. तेथे कोणतीही मोजपट्टी नव्हती की समिती नव्हती. खाट कोठे रिकामी झाली हे ज्याला आधी कळे, त्याला पुष्कळदा ती मिळे.