बालाघाटचा 1021 कुणाच्या वर्गात शिकवतात?

पदवीनंतरच्या वाटा : लेखांक 9

2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात दर हजार पुरुषांमागे 931 स्त्रिया होत्या. भिंडमध्ये तर 840 सुद्धा नाहीत. बालाघाट जिल्ह्यात मात्र 1021, राज्यात पहिला नंबर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या लालबर्ऱ्यातल्या पोरापोरींना हा आकडा तोंडपाठ असतो. तो असा का आहे, हे परीक्षेत कुणी विचारत नाही आणि म्हणून वर्गातही फारसं कुणी सांगत नाही.

लोकसंख्येचा अभ्यास करायचा तर एम.ए. कशात करावं, याचं सरळ उत्तर नाही. या आकड्यातलं नेमकं काय तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही, ते आधी ठरवा. विभाग त्यावरून ठरेल.

पहिला वर्ग लोकसंख्याशास्त्राचा. तिथे सुरुवातीलाच सांगतात की, निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्माला येतात. बालाघाटही याला अपवाद नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये इथेही मुली कमीच आहेत. म्हणजे स्त्रियांचा वरचष्मा पुढे कुठेतरी तयार होतो. एक तर पुरुष लवकर मरतात, नाहीतर मोजणीच्या वेळी ते घरी नसतात. ही दुसरी शक्यता नीट तपासायची तर जनगणनेचे नियम वाचावे लागतात. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. या दिवसांत जो घरी एकदाही राहिला नाही, त्याची नोंद घरच्या यादीत होत नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जातो. आता लालबर्ऱ्याचा फेब्रुवारी आठवा. धान कापून, चुरून झालेलं, पाणी नसलेल्या शेतात काम नाही आणि हाताला काम हवं असलेला माणूस नागपूर-हैदराबादच्या बांधकामावर. मे 2020 मध्ये गरोदर बायकोला हातानं बनवलेल्या लाकडी गाड्यावर बसवून हैदराबादहून ओढत आणणारा मजूर देशानं टीव्हीवर पाहिला, तो याच जिल्ह्याचा. रत्नागिरीचा 1122 असाच मुंबईनं घडवला. बालाघाटच्या 1021 मध्ये गेलेल्यांचा वाटा किती आणि मेलेल्यांचा किती, हे वयोगटवार तक्ते मांडून वेगळं काढता येतं. ते काढायला शिकवणं हेच या शास्त्राचं मुख्य काम.

ते शिकायची आपल्याकडची मोठी जागा मुंबईत देवनारला आहे. 1956 साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केलेलं हे प्रशिक्षण केंद्र आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. 1985 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था चालवते. लोकसंख्या अभ्यासाचं एम.ए. किंवा एम.एस्सी. तिथे होतं, जीवसंख्याशास्त्राकडे जायचं तर गणिताची बैठक पक्की हवी.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी याच आकड्यापाशी आला की धानाच्या बांधीत उतरतो. 1974 मध्ये प्रणब बर्धन यांनी असं मांडलं की गव्हाच्या मुलखापेक्षा भाताच्या मुलखात मुली जास्त जगतात, कारण रोवणीला बाईचा हात लागतो आणि कामाच्या माणसाची घरात किंमत असते. चिन्नोर भात पिकवणाऱ्या तालुक्यात बसून हे वाचताना पटकन पटतं. मला ते पुरतं पटत नाही. रोवणी करणारी बाई मजुरीही घरी आणते, पण ती खर्च कुणी करायची हे रोवणी ठरवत नाही.

इथे मानववंशशास्त्र लागतं. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडून दाखवले. उत्तरेत मुलगी अनोळखी, लांबच्या गावी द्यायची. दक्षिणेत मामाच्या, आत्याच्या घरी. बालाघाटच्या गोंडांमध्ये मामे-आत्ये भावंडांच्या लग्नाला दूध लौटावा म्हणत: एका घरानं दिलेली मुलगी पुढच्या पिढीत परत यायची. सून म्हणून गेलेल्या घरात आत्याच सासू असेल, तर दुखण्यात तिच्याकडे आणि तिच्या लेकीकडे कोण बघेल याचं उत्तर बदलतं. टिम डायसन आणि मिक मूर यांनी 1983 मध्ये हाच धागा धरून बायकांना मिळणारी मोकळीक, जन्मदर आणि बालमृत्यू यांचा नकाशा जोडला आणि उत्तर-दक्षिणेची सीमा ढोबळमानानं सातपुड्यावर आणून ठेवली. म्हणजे नेमकी आपल्या दारात! असल्या सीमारेषेवरच्या गावात क्षेत्रकार्य करायला बाहेरचे संशोधक येतात. इथलेच विद्यार्थी का करत नाहीत, कळत नाही. सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभाग आहे आणि लोकसंख्या संशोधन केंद्रही.

इतिहासवाल्यांसाठी एकच आकडा पुरे. 1901 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 3,26,521 होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी. मधे दोन दुष्काळ होऊन गेले होते. दुष्काळात पुरुष बायकांपेक्षा जास्त मरतात, हे जगभर दिसलेलं आहे. तेव्हा या जिल्ह्यातल्या स्त्री-पुरुष प्रमाणाची गोष्ट दुष्काळ वगळून सांगता येणार नाही.

या विषयांच्या भिंती तशा पातळ आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी 1953 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा काम चालू होतं अर्थशास्त्राच्या संस्थेत, पद्धत संख्याशास्त्राची आणि प्रश्न बाळंतिणींचे. अमेरिकेतही बर्कलीसारखा स्वतंत्र विभाग विरळाच. बहुतेक ठिकाणी पदवी समाजशास्त्राची किंवा अर्थशास्त्राची घेतात आणि लोकसंख्येचे पेपर विद्यापीठाच्या लोकसंख्या केंद्रातून जोडतात. आपल्याकडेही भूगोलाच्या एम.ए.त लोकसंख्या भूगोल आणि संख्याशास्त्रात जीवन-सारणी बहुतेक ठिकाणी भेटते. प्रवेश घेण्याआधी विभागाचं नाव बघू नका, पेपरांची यादी मागवा आणि प्रबंधासाठी गावात किती आठवडे पाठवतात ते विचारा.

नवी जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून होणार आहे, आणि तिच्यात जातही मोजली जाईल. यंदा एम.ए.ला बसणाऱ्याच्या हाती पीएच.डी.च्या वेळी सोळा वर्षांनंतरचे ताजे तक्ते असतील.

पुढच्या आठवड्यात : प्रवेश परीक्षेचं गणित आणि मराठी माध्यमातल्यांनी ते कुठून सुरू करावं.