सरकारी दप्तरांतील निकामी यंत्रें

पुणें जिल्ह्याच्या वेल्हे भागांत, नसरापुराहून तोरण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हें गांव आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा गांवांत ज्या सरकारी वस्तु आल्या, त्यांत संगणकासारखी दुसरी नाहीं. शाळांना संगणक पुरविण्याची योजना केंद्र सरकारनें सन 2004 मध्यें काढली. 2011 मध्यें महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींसाठीं 'संग्राम' प्रकल्प आला. 2018 पासून सातबाऱ्याचा उतारा संगणकीय सहीनिशीं मिळूं लागला. यंत्रें कशीं आणावयाचीं याचे आदेश निघाले. तीं निकामी झाल्यावर न्यावयाचीं कोठें, हा प्रश्न मागें पडला.

सरकारी खरेदीची प्रत्येक टिकाऊ वस्तु 'जडवस्तू संग्रह' या नोंदवहींत चढते. चढविण्यास एक ओळ पुरते. उतरविण्याच्या विधीला निर्लेखन म्हणतात, आणि तो बराच लांबलचक आहे. वस्तु निरुपयोगी झाल्याचा दाखला, तिच्या उरलेल्या किंमतीचा अंदाज, वरिष्ठांची मंजुरी, मग विक्री, असा तो क्रम. राज्यांत यासाठीं 1959 चे मुंबई वित्तीय नियम आहेत, केंद्रांत 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम. या दुसऱ्या नियमांत असेंही सांगितलें आहे कीं, नोकराच्या हयगयीनें वस्तु निकामी झाली असल्यास जबाबदारी निश्चित करावी. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीनें हा दंडक योग्यच होय. पण ज्यानें ती वस्तु घेतली नाहीं व वापरलीही नाहीं, अशा नव्यानें बदलून आलेल्या मुख्याध्यापकाला ती हलविण्यापेक्षां कुलपांत ठेवणें अधिक निर्धास्त वाटतें. लोखंडी खुर्ची वीस वर्षें कुलपांत राहिली तरी खुर्चीच राहते. संगणकाचें तसें नाहीं. चार-पांच वर्षांचें यंत्र एखादा भाग बदलून दुसऱ्या शाळेंत चालूं शकतें. दहा-बारा वर्षांनीं त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि तोरण्याखालचा पाऊस व दमट हवा त्याची आयुर्मर्यादा वाढवीत नाहींत!

मग तें भंगाराच्या गाडीवर चढतें. येथून पुढचा प्रवास कोणत्याही वहींत लिहिला जात नाहीं. जुन्या फुगीर पडद्याच्या कांचेंत शिसें असतें; सपाट पडद्यांच्या आरंभींच्या प्रकारांत उजेडासाठीं पारा असलेल्या बारीक नळ्या असत. आंतल्या पट्ट्यांवर थोडें सोनें व पुष्कळ तांबें असतें, आणि त्यांच्यासाठींच तें यंत्र फोडलें जातें. तारांवरचें आवरण जाळून तांबें काढतात. त्या धुरांत डायॉक्सिनसारखीं विषें असतात. सोन्यासाठीं पट्ट्या आम्लांत बुडवितात व उरलेलें आम्ल जमिनीवर ओततात. हें काम करणारा मनुष्य सरकारी नोकर नसतो. त्याच्या फुप्फुसांचा हिशेब निर्लेखनाच्या कागदांत येत नाहीं. जगांत 2022 मध्यें असा सहा कोटी वीस लक्ष टन कचरा निघाला व त्यांतील सुमारें 22 टक्केच रीतसर गोळा झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे.

भारतांत या कचऱ्यासंबंधींचे पहिले स्वतंत्र नियम 1 मे 2012 पासून अमलांत आले. त्यानंतर 2016 चे व मग 2022 चे नियम झाले. हे शेवटचे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांचें मुख्य सूत्र असें, कीं यंत्र तयार करून विकणाऱ्यानेंच त्याच्या अखेरीचा भार उचलावा, आणि मोठ्या वापरकर्त्यानें निकामी यंत्रें केवळ नोंदणी झालेल्या उत्पादकाच्या, दुरुस्ती करणाराच्या किंवा पुनश्चक्रण करणाराच्या स्वाधीन करावीं. पुनश्चक्रण म्हणजे धातु, कांच व प्लॅस्टिक वेगळें काढून पुन्हां उपयोगांत आणणें.

येथें दोन नियमांची गांठ बसत नाहीं. हिशेबाचे नियम लिलावांत सर्वाधिक बोली शोधतात. परंतु ज्याला शिशाची कांच सुरक्षित ठेवावयाची नाहीं, धूर आवरावयाचा नाहीं, मजुराला हातमोजेही द्यावयाचे नाहींत, त्याचा खर्च कमी, म्हणून त्याची बोली नेहमीं वरचढ! सरकारी खजिन्यांत शेंकडों रुपये अधिक पडतात आणि त्यांची किंमत दुसरेच कोणी भरतात. यावर उपाय अवघड नाहीं: बोली लावण्याचा अधिकारच नोंदणीकृतांपुरता ठेवावा, आणि मग त्यांच्यांत जो अधिक देईल त्याला माल द्यावा.

दुसरी अडचण मोजणीची आहे. 2016 च्या नियमांत मोठ्या वापरकर्त्यांमध्यें केंद्र व राज्य सरकारांच्या खात्यांचें नांव स्पष्ट होतें. 2022 च्या नियमांत वर्षाच्या कोणत्याही वेळीं निदान एक हजार यंत्रें वापरणारी संस्था ती मोठी, अशी व्याख्या झाली. विंझरच्या ग्रामपंचायतीकडे हजार यंत्रें असणें शक्य नाहीं. संपूर्ण जिल्हा परिषद, तिच्या शाळा व दवाखाने एकत्र मोजले तर हजाराचा आंकडा सहज ओलांडला जाईल. म्हणजे तेंच यंत्र एका मोजणीनें नियमाच्या कक्षेंत येतें व दुसरीनें निसटतें. अशा वेळीं मोठी मोजणी धरणें हेंच सरकारला शोभेल.

यंत्रांत धातूंखेरीज आणखी एक वस्तु असते, तिचा भंगारवाल्याला पत्ता नसतो. विद्यार्थ्यांचीं नांवें, जन्मतारखा, आधार क्रमांक, घरपट्टीच्या याद्या हें सर्व त्याच्या तबकडीवर असतें. संगणकावरील मजकूर 'पुसला' म्हणजे ग्रंथाच्या अनुक्रमणिकेंतून प्रकरणाचें नांव खोडल्यासारखें होतें. पानें जागच्या जागीं राहतात व जाणकाराला वाचतां येतात. तबकडीवर नवा मजकूर पूर्ण लिहून जुना झांकावा, किंवा ती भोंकें पाडून निकामी करावी, आणि तसें केल्याचें निर्लेखनाच्या कागदावर नमूद करावें.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत 2021 पासून दर ऑक्टोबरांत अडगळ काढण्याची मोहीम चालते. 2025 च्या मोहिमेंत विजेच्या यंत्रांच्या कचऱ्यावर विशेष भर होता. विंझरसारख्या गांवासाठीं याहून साधी व्यवस्था पुरे आहे. पंचायत समितीनें वर्षांतून एक दिवस ठरवावा; प्रत्येक शाळेनें व ग्रामपंचायतीनें आपलीं यंत्रें वहीच्या उताऱ्यासह तेथें आणावीं; दाखला देणारा तज्ज्ञ तेथेंच असावा. जें चालूं शकेल तें बाजूला काढून गरजू शाळेला द्यावें. वीज गेल्यावर यंत्र चालूं ठेवणाऱ्या बॅटऱ्या निराळ्या ठेवाव्या, कारण त्यांच्यासाठीं 2022 चेच वेगळे नियम आहेत. बाकीचें वजन करून नोंदणीकृत पुनश्चक्रकाच्या गाडींत भरावें, आणि त्यानें दिलेली पावती जडवस्तूच्या वहींत, खोडलेल्या ओळीसमोर चिकटवावी.